टच मान्य केला, सामना गेला: आता पोराचा आत्मविश्वास कसा सांभाळायचा?

गिरणाकाठ

खेळाडूचं इमान आणि त्याचा आत्मविश्वास बरोबरीनं वाढतात, हे आपण प्रत्येक बक्षीस समारंभात ऐकतो. पाहुणे बोलतात, शाल-श्रीफळ होतं, टाळ्या पडतात. मैदानात मात्र कधी कधी हे दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात. तशीच एक भानगड समोर आहे, म्हणून धागा काढतोय.

चाळीसगाव तालुक्यातल्या एका गावात मी संध्याकाळी पोरांना कबड्डी शिकवतो. पोटापाण्याचं दुकान वेगळं आहे, हा निव्वळ नाद.

झालं असं. १७ वर्षांखालचा गट, उपांत्य सामना, शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणानं पुढे. समोरचा पोरगा चढाईला आला. आमच्या उजव्या कोपऱ्यानं, म्हणजे उजव्या कडेला उभं राहून पकडी करणाऱ्या पोरानं, घोट्याला हात घातला, पकड बसली नाही, तो सुटून मध्यरेषेवर गेला. पंचांना स्पर्श दिसला नाही. त्यांचा हात हललाच नाही. आमच्या पोरानं स्वतःच हात वर केला आणि बाहेर जाऊन बसला. बरोबरी झाली, पुढच्या चढाईत आमचा पोरगा धरला गेला, सामना एका गुणानं गेला.

परत येताना छोटा हत्तीमध्ये कुणी त्याच्याशी बोललं नाही. रात्री एका पालकाचा फोन: "सर, तुम्ही पोरांना कबड्डी शिकवता का कीर्तन?"

तेव्हापासून पोरगं पकडीला जातं, पण अर्ध्यातून हात काढून घेतं. डोळे चढाईपटूच्या पायावर असायला हवेत, ते माझ्याकडे वळतात.

थोडं वाचन केलं. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली मांडलं की "हे मला जमेल" हा भरवसा चार वाटांनी येतो. सगळ्यात पक्की वाट म्हणजे आधी स्वतः करून दाखवलेलं काम. दुसरी, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं. तिसरी, ज्याला आपण मानतो त्याचे शब्द. चौथी, आपलं शरीर काय सांगतं ते, म्हणजे धडधड, थकवा, हुरूप. आमच्या पोराचा हिशोब मांडला तर पहिली वाट शाबूत आहे. मागच्या हंगामात घोट्याच्या पकडीला त्याच्या तोडीचा कोपरा तालुक्यात नव्हता. दुसरीचंही बरं आहे, थोरला भाऊ खेळलेला आहे. चौथीचा इथे संबंध दिसत नाही. तिसरी मात्र पार उखडली. गावानं उखडली.

माझं स्वतःचं मत असं: पंचांच्या नजरेतून सुटलेला गुण फळ्यावर लागतो, पण पोराच्या भरवशात त्यानं काडीची भर पडत नाही. त्याला ठाऊक असतं की तो गुण पकडीचा नाही, पंचांच्या डुलकीचा आहे. पुढच्या सामन्यात पंच डुलकी घेतील की नाही हे त्याच्या हातात थोडंच आहे?

हे मला पटलंय. त्याला आणि गावाला कसं पटवू? आणि मुळात मी बरोबर आहे का, तेही सांगा.

शेवभाजी

कीर्तनवाला पालक भारी आहे भो!

पण एक विचारतो. सामन्याआधी बाकीच्या सहा जणांशी हे बोलणं झालं होतं का? मोठेपणा एकानं केला आणि किंमत सातांनी मोजली, असं त्यांना वाटत असेल तर त्यांनाही दोष देता येत नाही. छोटा हत्तीतली शांतता मला त्यातली वाटते.

गिरणाकाठ

शेवभाजी भाऊ, सरावाला आमच्याकडे पंच नसतोच. ज्याला लागलं तो आपण होऊन बाहेर जातो, पहिल्या दिवसापासून. त्यामुळे नियम सगळ्यांना माहीत. पण सरावातला नियम उपांत्य सामन्यालाही लागू आहे का, हे कधी बोललो नव्हतो, हे खरं.

सडेतोड

भाऊ, भावना पोचली. पण "चोरलेल्या गुणानं भरवसा वाढत नाही" हे वाक्य जरा तपासून घ्या.

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग. १९९९ ते २००५, टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीची लागोपाठ सात जेतेपदं. सगळी उत्तेजकांच्या जोरावर. २०१२ साली काढून घेतली. या माणसाला आत्मविश्वास कमी होता असं कोण म्हणेल? जानेवारी २०१३ च्या त्या गाजलेल्या मुलाखतीत त्याला विचारलं, तेव्हा हे चुकीचं वाटत होतं का? म्हणाला, नाही. फसवणूक करतोय असं वाटत होतं का? तेही नाही. म्हणे मी शब्दकोशात फसवणुकीचा अर्थ काढून पाहिला आणि तो मला लागू होत नव्हता. म्हणजे मन खात नव्हतं, झोप लागत होती, पायडल जोरात फिरत होतं. तुमच्या त्या पहिल्या वाटेनं भरवसा येतच होता की.

आता उलट बाजू. फेब्रुवारी १९८०, वानखेडे, सुवर्णमहोत्सवी कसोटी. इंग्लंड ५ बाद ५८. बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं. कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथनं त्याला परत बोलावलं, कारण बॅट लागली नव्हती. टेलर आणि बोथमनं १७१ धावा जोडल्या आणि आपण कसोटी दहा गडी राखून हरलो. चाळीस-पंचेचाळीस वर्षं आपण विश्वनाथचे गोडवे गातो. गायलाच हवेत. पण यश? यश इंग्लंडला मिळालं.

आणि जवळचं बघा. पहाटे कुठल्याही फाट्यावर उभं राहा, पोलीस भरतीची पोरं रस्त्यानं पळताना दिसतील. १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. एकेका सेकंदावर घरादाराचं पुढचं सगळं टांगलेलं. त्यातल्या काहींच्या खिशात मेफेंटरमाइनचं इंजेक्शन असतं. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वर आणायचं औषध ते. हृदयाचं काय व्हायचं ते होवो. त्या पोराला तुम्ही काय सांगणार? चोरलेले गुण मनात जमा होत नाहीत? तो म्हणेल, पोलीस खात्यात जमा होतात ना, बस झालं.

नीती पाळावी. माझा विरोध नाही. पण ती यशाची गुरुकिल्ली म्हणून पोरांना विकू नका. एक दिवस ती लागणार नाही, मग पोरगं दोन्हीवरचा विश्वास घालवून बसेल. तुमच्या कोपऱ्याचं तेच झालंय असं मला वाटतं.

कयनानी भाकर

गंज भारी लिखं भाऊ. त्या कीर्तनवाला बापले एकडाव मैदानमा उतारा, मंग समजी त्याले घोटा धरनं काय ऱ्हास ते.

पांझरा

धुळ्याला महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. सडेतोड, आर्मस्ट्राँग तुमच्या बाजूनं जितका बोलतो तितकाच माझ्याही.

ज्या बांडुरानं भरवशाच्या चार वाटा सांगितल्या, त्यानंच पुढे दुसरी एक गोष्ट मांडली: माणूस स्वतःच्या नीतीचं बटण तात्पुरतं बंद कसं करतो. त्यानं आठ तऱ्हा सांगितल्या. सगळ्या इथे देत नाही, पण मैदानात सारख्या ऐकू येणाऱ्या सांगते. "गावासाठी केलं" ही एक. "समोरच्यानं तर याहून जास्त केलं" ही दुसरी. "सरांनी सांगितलं म्हणून केलं", "सगळीच करतात, मी एकटा कुठे", "कुणाचं काय नुकसान झालं?", "त्यानंच आधी कोपर मारलं". वयाचा दाखला खोटा केला असं कुणी म्हणत नाही, "दुरुस्त केला" म्हणतात. शब्दकोश उघडून बसलेला आर्मस्ट्राँग याच कामात होता. त्याचं मन शांत होतं याचा अर्थ इमानाचा आणि मनाचा संबंध नव्हता असा होत नाही. तो संबंध तोडून ठेवायला त्याला रोज राबावं लागत होतं. खोटं लपवायचं, साथीदारांना गप्प ठेवायचं, खरं बोलणाऱ्यांवर तुटून पडायचं, खटले भरायचे. आर्मस्ट्राँगनं हे सगळं केलं. ही मेहनतच आहे, फक्त सायकलवरची नाही.

पण तुमचा मुख्य मुद्दा मला मान्य आहे. इमानदार माणूस जिंकतो असा कुठलाही नियम मानसशास्त्रात नाही. जे बऱ्याच अभ्यासांत दिसतं ते वेगळं आहे. काही खेळाडू यश मोजताना कालच्या स्वतःशी तुलना करतात, काही फक्त समोरच्याला खाली पाडण्यावर मोजतात. दुसऱ्या प्रकारच्या मोजणीचाच जोर असेल तर लबाडीला मनात जागा पटकन होते. शिवाय त्यांचा भरवसा समोर कोण उभा आहे त्यावर ठरतो. सोपा प्रतिस्पर्धी आला की छाती फुगते, तगडा आला की हवा जाते. टिकण्याचा प्रश्न इथे येतो. दहा वर्षं खेळायचं तर तगडे येतच राहणार.

आणखी एक, गिरणाकाठ भाऊंसाठी. आत्मविश्वास जितका जास्त तितकं चांगलं, हेही पूर्ण खरं नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, दोरीवरच्या उड्यांमध्ये पटाईत असलेल्या खेळाडूंवर. काहींच्या मनात मुद्दाम थोडी शंका पेरली. त्यांचा आत्मविश्वास घसरला आणि कामगिरी सुधारली. असं का झालं, ते मात्र त्या प्रयोगातून उलगडलं नाही. तेव्हा तुमचा पोरगा आज थोडा चाचरतोय म्हणून लगेच घाबरू नका. "तू वाघ आहेस, तू वाघ आहेस" असं रोज ओरडायचीही गरज नाही.

शेवभाजी

वाघावरून आठवलं, आमच्या शाळेच्या संघाच्या बनियनवर वाघ होता आणि आम्ही दरवर्षी पहिल्या फेरीत बाहेर.

हलगी

कबड्डीतलं मला कमी कळतं, मातीतलं सांगतो. पंचक्रोशीतल्या यात्रांचे फड लहानपणापासून पाहिले, दोन हंगाम स्वतः लंगोट बांधला.

नुरा कुस्ती सगळ्यांना माहीत आहे. दोघं आधीच ठरवतात, बरोबरीत सोडवायची किंवा अमक्यानं पडायचं, इनाम वाटून घ्यायचं. एकदा खांद्याला हात लावून वीस मिनिटं फिरायला लागले की बांधावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही कळतं. पब्लिक शिट्ट्या मारतं, माती फेकतं. पुढच्या यात्रेला जोड लावताना पंच कमिटी त्या नावावर काट मारते.

आता सडेतोड म्हणतील, पण पैसा मिळाला ना? मिळाला. आणि मी त्या पैलवानांना सरसकट शिव्याही देणार नाही. खुराकाचा खर्च कोण देतं? दूध, बदाम, तूप, मटण, घरची शेती दोन एकर, पाऊस नाही. यात्रेचा हंगाम तीन-चार महिन्यांचा. हात मोडला तर वर्ष गेलं. त्यात निकाली कुस्ती करायची म्हणजे दोन्हीकडून धोका. म्हणून नुरा होते. गरज असते, हौस नसते.

पण वस्ताद लोक नुऱ्याला का भितात ते सांगतो. पाप लागतं म्हणून नाही. नुरा खेळणाऱ्याचा ढाक हा डाव बिघडतो. ढाक मारायचा तर आपला तोल पूर्ण सोडून द्यावा लागतो, फसला तर आपणच खाली. नुऱ्यात कुणी तसा ढाक मारत नाही, दाखवायला मारतो. दोन हंगाम दाखवायला मारला की अंगाला तीच सवय. मग खरी जोड समोर आली की अंग सोडवतच नाही. गिरणाकाठ भाऊ, तुम्ही म्हणता तो भरवसा डोक्यात नसतो, खांद्यात असतो.

आपल्याच चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी घ्या. २०१४, २०१५, २०१६, तीन वर्षं लागोपाठ महाराष्ट्र केसरी. एकदा गदा मिळणं वेगळं. दुसऱ्या वर्षी राज्यातला प्रत्येक मल्ल तुमचेच डाव बघून आलेला असतो. तिथे जुनं यश चालत नाही, रोजचा मेहनतीचा घाम चालतो.

त्याच्या आधी सलग तीन वर्षं नरसिंग यादव. त्याचं २०१६ चं उत्तेजकांचं प्रकरण इथे कुणी काढायच्या आधी मीच सांगतो. त्यानं कट झाल्याचा दावा केला, नाडा या उत्तेजकविरोधी संस्थेनं तो मान्य करून सोडलं, मग ऐन रिओ ऑलिंपिकमध्ये क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. त्यावर धागा भरकटवू नका.

सडेतोड

ढाकाचा मुद्दा पटला. हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

पण हलगी भाऊ, तुम्हीच लिहिलंय की नुरा गरजेतून होते. मग नीतीचे धडे पैलवानाला का? कमिटीला द्या. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या चार महिला जोड्या मुद्दाम हरायला बघतात म्हणून काढून टाकल्या, एक चीनची, एक इंडोनेशियाची, दोन कोरियाच्या. का हरायचं होतं? कारण गटसाखळी अशी आखली होती की हरलं तर पुढचा सामना सोपा. ज्यांनी ती आखणी केली ते घरी गेले नाहीत. आपल्याकडे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. चांगलीच गोष्ट आहे. पण प्रमाणपत्राला इतकी किंमत आली की प्रमाणपत्र बनवणारेही येणार. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात गाजली, ती काय पोरांनी एकट्यांनी केली?

केळीपट्टा

रावेरकडची आहे. मुलगी धावते, ८०० मीटर. या धाग्यावर फसवणाऱ्यांच्या मनाचं बरंच झालं. जे फसवले जातात त्यांचं कुणी बोलेल का?

१४ वर्षांखालच्या गटात माझी मुलगी खरीखुरी तेरा वर्षांची होती. शेजारच्या लेनमधली मुलगी तिच्याहून हातभर उंच, अंगानं भरलेली. ओळखीच्या बाईंनी नंतर सांगितलं, तिची धाकटी बहीण आमच्याच मुलीच्या वर्गात आहे. म्हणजे धाकट्या बहिणीचा दाखला. आमची मुलगी दुसरी आली. घरी आल्यावर तिचं वाक्य होतं, "आई, मला पळता येत नाही."

पांझरा मॅडम, तुम्ही ज्याला भरवसा म्हणता तो इथे असा जातो. तिनं काही चुकीचं केलं नाही, पळणंही वाईट नव्हतं. पण समोर जो निकाल आला तो खोटा होता आणि तिनं तो स्वतःबद्दलचा खरा पुरावा म्हणून घेतला.

तिच्या वडिलांनी तक्रार करायचं ठरवलं. केली. पुढे काय झालं ते लिहीत नाही. आम्ही दुसरं एक केलं: स्टॉपवॉच आणलं. त्या दिवसापासून वही आहे. क्रमांक लिहायचा नाही, वेळ लिहायची. पहिला चारशेचा फेरा किती, दुसरा किती. मैदान मातीचं का, ऊन किती, सगळं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हाची वेळ आणि डिसेंबरची वेळ एका मापानं मोजता येत नाही, हे तिचं तिलाच कळलं. आता ती हरून आली तरी आधी वही उघडते.

वयाचा दाखला बदलणाऱ्या पालकांना मात्र मला सांगायचंय. आमच्या भागात कळेल असं सांगते. पावडर मारून पिकवलेली केळी बाहेरून पिवळीधमक दिसतात, आत गर कच्चा. सोळा वर्षांची मुलगी चौदात पळते तेव्हा ती कौशल्यानं जिंकत नाही, दोन वर्षांच्या हाडामासानं जिंकते. तिला सुरुवातीची घाई आवरायला कुणी शिकवत नाही, शेवटच्या दोनशे मीटरला श्वास कसा राखायचा ते शिकवत नाही. गरजच पडत नाही ना! मग एकोणीसच्या गटात सगळ्यांची वाढ झालेली असते, तो फायदा संपतो आणि हातात काही उरत नाही. शेजारच्या लेनमधली ती मुलगी वरच्या गटात कुठे दिसली नाही.

क्रिकेटवाल्यांनी निदान डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघायला सुरुवात केली. २०२० साली बीसीसीआयनं स्वतःहून कबूल करणाऱ्यांना माफी आणि पकडले गेले तर दोन वर्षं बंदी अशी योजनाही आणली. तालुक्याच्या मैदानी स्पर्धेला कोण एक्स-रे काढणार?

पांझरा

केळीपट्टा ताई, तुमची वही म्हणजे मी वर्गात तासभर बोलून जे सांगते ते आहे.

वयाच्या फायद्याबद्दल एक जोड. लबाडी नसली तरी हे होतं. कॅनडातल्या आइस हॉकीत १९८० च्या दशकात दिसलं की वरच्या संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले खेळाडू जास्त आहेत. वयोगटाची तारीख १ जानेवारी, म्हणून जानेवारीचं पोर डिसेंबरच्या पोराहून जवळपास वर्षानं मोठं. त्याला निवडतात, जास्त सराव मिळतो, "मला जमतं" हा भरवसाही त्यालाच. काही महिन्यांनी एवढं होतं, तर दोन वर्षांच्या खोट्यानं काय होईल!

शिट्टी

जिल्हा पातळीवर पंच म्हणून काम करतो. डुलकीचा उल्लेख वाचला, राग नाही.

एक चढाई तीस सेकंदांची. त्यात चौदा पाय, बोनस रेषा, बाजूच्या रेषा, दम सुटला का, आणि मागून शे-दोनशे लोकांचा आरडाओरडा. स्पर्श सुटतो. पोरानं हात वर केला तर आम्ही गुण देतो आणि पुढे जातो. त्याला पुढच्या वेळी झुकतं माप देत नाही, देऊ पण नये. हे पोरांना आधी सांगा, कारण काही जणांना वाटतं की खरं बोललो तर पंच आता आपल्याला सांभाळून घेतील. तसं झालं नाही की चिडतात.

पंच चुकल्यावर खेळाडूनं काय करायचं, याचा सराव कुणीच घेत नाही. २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचाला लाथ मारण्यापर्यंत गेलं, दोन मल्लांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. निर्णय बरोबर होता का चूक, त्यावर लोक अजून भांडतात. पण तयारीचे दिवस गेले ते गेलेच. गिरणाकाठ, सरावात मुद्दाम चुकीचे निर्णय द्या. शिट्टी एखाद्या आगाऊ पोराच्या हातात द्या आणि बघा पुढच्या चढाईला कोण तयार असतो आणि कोण वाद घालत उभा राहतो.

आता मुद्द्याचं. मी स्वतः कोपऱ्याला खेळलो. हात अर्ध्यातून काढून घेतो म्हणजे नक्की कधी? घोट्याला हात लागायच्या आधी, का लागल्यावर? आणि गुडघा खाली टेकवतो का? व्हिडिओ असेल तर टाका.

गिरणाकाठ

शिट्टी सर, डुलकीबद्दल माफी असावी. व्हिडिओ तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवला, पोराचा चेहरा इथे नको.

हात लागल्यावर काढतो. गुडघा पूर्वी पूर्ण टेकवायचा, आता टेकवत नाही, वाकूनच धरायला बघतो.

सडेतोड, तुमच्यामुळे एक वाक्य मी बदललं. पोरांना "इमानदार राहा, जिंकाल" असं आता म्हणणार नाही. काल सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, उपांत्य सामन्यात पंचाला दिसलं नाही तर काय करायचं? पाच जण म्हणाले हात वर करायचा, दोघं म्हणाले नाही करायचा. त्या दोघांतला एक कर्णधार आहे. अर्धा तास वाद झाला, ठरलं काहीच नाही. शेवभाजी भाऊ, हे आधीच व्हायला हवं होतं, तुमचं बरोबर.

शिट्टी

व्हिडिओ पाहिला. हे मनाचं वाटत नाही मला. हात बरोबर वेळेवर जातोय, नजर पण ठीक. गुडघा जमिनीजवळ आला की पोरगं अंग आखडतं. या वर्षी उंची वाढली का त्याची?

भुसावळ जंक्शन

फिजिओथेरपिस्ट आहे, मध्येच घुसतो.

पंधरा-सोळाच्या आसपासचं पोर, झपाट्यानं वाढलेलं, धावणं-उड्या भरपूर, आणि गुडघा टेकवायला टाळतंय. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला जो उंचवटा असतो तिथे दाबून बघा. तिथे दुखत असेल तर बहुतेक वाढीच्या वयातला त्रास आहे, ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. हाड भरभर वाढतं, मांडीचा स्नायू तिथे ओढत राहतो. या वयात मुलांना बऱ्यापैकी होतो आणि वाढ थांबली की बहुतेकांचा जातो. खेळ कायमचा बंद करायची गरज सहसा नसते, पण कमी करावा लागतो, गुडघे टेकवायच्या पकडी काही आठवडे बंद, बर्फ, मांडीचे ताण. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, माझ्या लिहिण्यावर जाऊ नका.

आणि भाऊ, बांडुराची चौथी वाट तुम्ही "इथे संबंध दिसत नाही" म्हणून एका ओळीत सोडून दिली होती.

गिरणाकाठ

आज दाबून बघितलं. ओरडलाच. दोन्ही गुडघ्यांना आहे, उजव्याला जास्त. दिवाळीपासून दुखतंय म्हणाला.

सांगितलं का नाही विचारलं तर म्हणे, सामना माझ्यामुळे गेला, त्यात आता गुडघा दुखतो म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते बहाणे करतोय. स्पर्श झाला हे शंभर लोकांसमोर सांगणारं पोरगं, गुडघा दुखतो हे मला एकट्याला सांगू शकलं नाही. पांझरा मॅडम, यावर काही लिहाल का?

चाळीसगावला हाडांच्या डॉक्टरांची वेळ शनिवारची मिळाली आहे. गुडघा टेकवायच्या पकडी आजपासून सगळ्यांच्याच बंद केल्या, म्हणजे त्याला एकट्याला बाजूला बसावं लागणार नाही.

सडेतोड

शनिवारी कोण नेतंय त्याला? एसटीनं नेऊ नका, चढ-उतारात गुडघ्याला त्रास. माझी गाडी त्या दिवशी भडगावहून चाळीसगावला रिकामीच जाते. गावाचं नाव व्यक्तिगत निरोपात कळवा. आणि तो कीर्तनवाला पालक मोकळा असेल तर त्यालाही बसवू, रस्ता तासाभराचा आहे, मला बोलायचंय त्याच्याशी.